बाबा दारूनं गेले, आता ते नरकात असतील का, आणि मी घाबरायचं का?

बेटा, तू जे विचारलंस ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला बरोबर समजलं का ते तुलाही कळेल. बाबा दारूनं लिव्हर जाऊन वारले, दोन महिने झाले. शेवटच्या दिवसांत वॉर्डात ओरडत होते, "ते काळे लोक आले, मले नेऊन राहिले". घरी गरुडपुराण बसवलं तेव्हा वाचणाऱ्या काकांनी दारू पिणाऱ्याच्या तोंडात तापलेलं लोखंड ओततात हे सांगितलं आणि तू उठून गॅलरीत गेलीस. आत्या म्हणाली, भोगून राहिला असेल तो तिकडे. ऑफिसातली मैत्रीण चर्चला जाते, तिच्या मते नरक कायमचा. आणि आईला मारायचे तेव्हा तू मनात कितीदा तरी म्हटलं होतंस की हा माणूस मेला तर बरं, म्हणून आता तुला बाबांचीही भीती वाटते आणि स्वतःचीही. झोप येत नाही. त्यात कोणीतरी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा म्हणून भला मोठा खर्च सांगितला आहे, आणि धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा, विचारतो बाबा कुठे आहेत.

मी नागपुरात पॅलिएटिव्ह केअरमध्ये समुपदेशक आहे, म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा लोकांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत माझं काम, वीसेक वर्षं होऊन गेली. नरकाचा विषय निघाला नाही असा आठवडा आठवत नाही. इतवारीतले जैन आजोबा, मोमीनपुऱ्यातल्या खाला, इंदोऱ्यातले बौद्ध काका, काटोलकडचे शेतकरी, सदरमधल्या ख्रिश्चन बाई, सगळ्यांना शेवटी शेवटी हेच विचारायचं असतं, फक्त शब्द वेगळे असतात. म्हणून जे सांगते ते पेशंटच्या पलंगाजवळ बसून ऐकलेलं आहे आणि त्यांच्या प्रश्नांपायी जे वाचावं लागलं त्यातलं आहे.

सगळ्यात आधी त्या ओरडण्याबद्दल, कारण मला वाटतं तुझी झोप तिथेच उडाली आहे. लिव्हर फेल झालं की आतड्यात तयार होणारा अमोनिया आणि बाकीचं विष रक्तातून साफ होत नाही, ते मेंदूपर्यंत पोचतं, माणूस गोंधळतो, दिवसा झोपतो रात्री जागतो, हात पुढे धरायला लावले की पंजे फडफडतात, घरच्यांना ओळखत नाही, कोणी दिसतं, कोणाशी तरी बोलतो. याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. बाबांना ते गोड चिकट सिरप देत होते ना, ज्यानं सारखी संडास होते, ते त्यासाठीच असतं, पोटातला अमोनिया बाहेर काढायला. त्यात कुठे इन्फेक्शन झालं, पोटात रक्तस्राव झाला, संडास साफ झाली नाही किंवा कोणी झोपेची गोळी दिली तर ते आणखी वाढतं. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली तर दोन-चार दिवसांत वेगळाच भ्रम होतो, त्यातही भिंतीवर किडे दिसतात, माणसं दिसतात. आणि दिसतं ते ज्याच्या डोक्यात जे असेल ते. कोणाला यमदूत, कोणाला पोलीस, कोणाला वारलेली आजी, एकांना तर बँकेचे वसुलीवाले दिसत होते. मी असे पेशंट पाहिले आहेत की आज "सोडा मले, सोडा" करून पलंगावरून उठून पळत होते, इलाज लागू पडला आणि परवा उठून चहा मागितला, काय ओरडलो काहीच आठवत नाही. खरंच नरकाचे दूत न्यायला आले होते आणि ते ट्रीटमेंटनं परत गेले असं तर नाही ना? तुझ्या बाबांचा मेंदू आजारी होता. एवढंच तुला त्या ओरडण्यावरून कळू शकतं, त्यांच्या पापपुण्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

आता गरुडपुराण. आपल्याकडे दहा-तेरा दिवसांत जे वाचतात ते बहुतेक वेळा मूळचं अख्खं पुराण नसतं, सारोद्धार नावाचा सोळा अध्यायांचा छोटा ग्रंथ असतो. त्याच्या सुरवातीच्या अध्यायांत यमाची वाट, वैतरणी, चित्रगुप्ताची वही, नरकांची नावं हे सगळं येतं आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं, कारण ते भयंकर आहे आणि रंगवून सांगता येतं. पुढे गर्भात शरीर कसं तयार होतं ते आहे, आणि सोळाव्या अध्यायात मोक्षाचं सांगताना स्पष्ट म्हटलंय की नुसते उपास करून, अंगाला राख फासून मुक्ती मिळत नाही. तिथपर्यंत घरात कोणी बसलेलं नसतं, तेव्हा भांडी मोजणं चालू असतं. तो तापलेल्या लोखंडाचा भाग भागवताच्या पाचव्या स्कंधातला, सव्विसाव्या अध्यायातला आहे, अयःपान म्हणतात त्या नरकाला, आणि तिथे तो सांगितलाय व्रतात असताना, सोमयाग केलेला असताना सुरा पिणाऱ्या वरच्या तीन वर्णांच्या माणसाला. म्हणजे धर्माचं काम अंगावर घेऊन ते मोडणारा असा तो संदर्भ. व्यसनाच्या आजारानं पोखरलेला एमआयडीसीतला कामगार तिथे कोणाच्या डोळ्यासमोर नव्हता.

तो अध्याय तू कधी शांतपणे वाचलास तर एक गोष्ट दिसेल. तिथे अठ्ठावीस नरक आहेत आणि त्यांतले बरेचसे कोणी कोणाला त्रास दिला यावर रचलेले आहेत. दुसऱ्याचं धन आणि बायकापोरं लुबाडणारा तामिस्रात. दुसऱ्या जिवांना छळून स्वतःचं कुटुंब पोसणारा रौरवात, आणि तिथे त्याला छळतात ते तेच जीव, ज्यांना यानं इथे त्रास दिला. दारात आलेल्या पाहुण्याकडे जळजळीत नजरेनं पाहणाऱ्याचे डोळे गिधाडं काढतात असाही एक आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे यातला एकही कायमचा नाही. भोग संपला की जीव पुन्हा जन्माला येतो. गीतेत तर स्वर्गाबद्दलही हेच आहे, पुण्य संपलं की परत मर्त्यलोकात. त्यामुळे "हिंदू धर्मात सांगितलंय म्हणून बाबा आता कायमचे जळून राहिले" असं कोणी म्हणत असेल तर त्यानं ते वाचलेलं नाही.

आणि माझ्या मते यातली सगळ्यात मोठी गोष्ट महाभारताच्या अगदी शेवटी, स्वर्गारोहण पर्वात आहे, ती कोणी मयताच्या घरी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन बसलेला, मानानं. भाऊ कुठे आहेत विचारतो तर त्याला अंधाऱ्या, घाण वास येणाऱ्या वाटेनं नेतात आणि तिथे आवाज येतात, मी कर्ण, मी भीम, मी द्रौपदी, थोडं थांब, तू आलास तर आम्हाला गार वाटतं. आणि तो देवदूताला म्हणतो, तू जा, मी इथेच राहणार. तेव्हा कुठे तो नरक नाहीसा होतो. मग इंद्र समजावतो की ज्याचं पाप जास्त तो आधी थोडा स्वर्ग भोगतो, ज्याचं पुण्य जास्त तो आधी थोडा नरक पाहतो. ज्या परंपरेत सगळ्यात धार्मिक माणूस आपल्या माणसांसाठी नरकात राहायला तयार होतो, त्या परंपरेत बापाची काळजी वाटणं हे काही अज्ञान नाही बेटा, ते प्रेम आहे, त्यानं मारलं असलं तरी.

मैत्रिणीचं. ती खोटं बोलली नाही. बहुतेक जुन्या चर्चेसची शिकवण नरक कायमचा हीच आहे, ऑगस्टिन नावाच्या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितानं ते जोरात मांडलं आणि पुढे तेच रूढ झालं. पण तिच्याच धर्मात दुसरे आवाज पहिल्यापासून आहेत. तिसऱ्या शतकातला ओरिजेन, चौथ्या शतकातला निसाचा ग्रेगरी यांना वाटायचं शेवटी देव सगळ्यांनाच शुद्ध करून परत घेईल. ओरिजेनच्या नावावरचे विचार पुढे सहाव्या शतकात धिक्कारले गेले, ग्रेगरीला मात्र आजही संत मानतात. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट लोक मानतात की दुष्ट माणूस शेवटी नष्ट होतो, अनंतकाळ तळला जात नाही. कॅथलिकांत शुद्धीस्थान आहे, म्हणजे मेल्यावर शुद्ध होण्याचा टप्पा, मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, दोन नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात ते त्यासाठीच, आणि १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं होतं की नरक म्हणजे जागा म्हणण्यापेक्षा देवापासून स्वतःहून तोडून घेतल्याची अवस्था. कॅथलिक चर्च अनेकांना संत जाहीर करतं पण अमका माणूस नरकात गेला असं नाव घेऊन आजवर कधीच जाहीर केलेलं नाही. तुझ्या आत्यानं ते दोन महिन्यांत केलं.

मुसलमान पेशंटकडून मी खौफ आणि रजा हे दोन शब्द शिकले, भीती आणि आशा, दोन्ही बरोबर पाहिजे असं त्यांचे मौलवी सांगतात, आणि मरणाच्या वेळी आशा जास्त ठेवावी असंही. कुराणात जहन्नमची वर्णनं कडक आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. पण एक सोडून प्रत्येक सूरा, म्हणजे अध्याय, रहमान आणि रहीम, दयाळू आणि कृपाळू, या नावांनी सुरू होते, आणि पापी असला तरी ईमान, म्हणजे श्रद्धा, असलेला माणूस शेवटी आगीतून बाहेर काढला जाईल असं बहुतेक सुन्नी विद्वान मानतात. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, एका बाईनं मांजर कोंडून उपाशी मारलं म्हणून तिला आग मिळाली, आणि एका वेश्येनं तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजलं म्हणून तिला माफी मिळाली. आमच्या एका खालांनी मला ही कुत्र्याची गोष्ट सांगितली होती, सांगताना रडत होत्या, कारण त्यांना वाटायचं आपली नमाज फार सुटली आयुष्यात.

ज्यूंमध्ये नरक बहुतेकांसाठी जास्तीत जास्त बारा महिने, पारशांमध्ये जगाच्या शेवटी सगळेच शुद्ध होतात आणि नरक संपतो. जैनांचे सात नरक आहेत आणि तिथली आयुष्यं ऐकून छाती दडपते, पहिल्याच नरकात कमीत कमी दहा हजार वर्षं, पण तेही संपतं, आणि त्यांच्या परंपरेप्रमाणे महावीरांचा भक्त राजा श्रेणिक आत्ता नरकात आहे आणि तिथून निघून तोच पुढच्या चोवीस तीर्थंकरांतला पहिला होणार आहे. इतवारीतल्या त्या आजोबांना हे माहीत होतं, पण आपल्यालाही ते लागू होऊ शकतं असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

नागपुरात राहून दीक्षाभूमीबद्दल न बोलता हा विषय पूर्ण होत नाही. बौद्धांच्या पाली ग्रंथांत नरक आहेत, अवीची नावाचा सगळ्यात भयंकरही आहे, पण तेही संपणारे. त्यांतल्या देवदूत सुत्त नावाच्या उपदेशात यम मेलेल्या माणसाला विचारतो, तुला तान्हं मूल दिसलं नाही का, म्हातारा, आजारी, शिक्षा भोगणारा, मेलेला माणूस दिसला नाही का, आणि ते पाहून काही चांगलं करावं असं वाटलं नाही का. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही एक आहे. याचं कारण समजून घे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात असं आहे की शूद्राला धर्म समजावणारा त्याच्यासकट असंवृत नावाच्या नरकात बुडतो. नरक दाखवून पिढ्यान्‌पिढ्या माणसांना ज्ञानापासून लांब ठेवलं गेलं, आणि तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला गेला. इंदोऱ्यातले ते काका मला म्हणाले होते, "मॅडम, आमच्या बापानं नरकाची भीती दीक्षाभूमीवरच सोडली, आता फक्त पोरीचं शिक्षण राहिलं त्याचीच चिंता हाय." ते गेल्यावर त्यांच्या घरी जलदानाचा कार्यक्रम झाला, त्रिशरण पंचशील झालं, लोकांनी त्यांच्या चांगल्या कामांच्या आठवणी सांगितल्या, आणि मुलं रात्री झोपली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नरकाशिवाय माणसं बेबंद होतात असं अनेकांना वाटतं, आणि मी तसं पाहिलेलं नाही.

मला विचारशील तर मी वारकरी घरातली, कर्माचं फळ मानते, पण तळणारा उकळणारा नरक मानत नाही. आणि इतक्या वर्षांत माझं मत पक्कं झालंय की नरकाची भीती कोणत्या दिशेला नेते ते पाहायचं. ती जर जिवंत माणसाकडे नेत असेल, ज्याला आपण दुखावलं त्याच्याकडे, तर तिला थोडी जागा द्यायला हरकत नाही. काटोलकडचे एक शेतकरी होते, "मले माफी भेटन का" एवढंच विचारायचे. मी विचारलं कोणाची माफी पाहिजे, तर धाकट्या भावाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवून नांगराच्या दोन तासांएवढी जमीन खाल्ली होती. भावाला बोलावलं, तलाठ्याकडे काय करायचं ते मुलांना सांगून टाकलं, आणि त्यानंतर त्यांनी नरकाचं नाव काढलं नाही. तुकोबांनी सांगून ठेवलंय, पुण्य पर उपकार पाप ते परपीडा, त्या शेतकऱ्याला ते पाठ होतं पण भाऊ समोर बसेपर्यंत कामाला आलं नव्हतं. पण भीती जर अशा ठिकाणी नेत असेल जिथे आता काहीच करता येत नाही, मेलेल्या बापाच्या तोंडात लोखंड पाहत रात्रभर जागणं, मनात आलेला विचार खोडायला शंभरदा नामस्मरण, देवाला हात लावायचीच भीती, तर ती धर्माची भीती राहिलेली नाही. तो चिंतेचा आजार आहे आणि त्याला इलाज आहे. दुखण्याच्या गोळ्या नाकारणारे पेशंटही मी पाहते, "भोग आहेत, इथेच फेडून टाकतो" म्हणून, आणि दरवेळी मी त्यांना सांगते की मॉर्फिन घेतल्यानं कोणाच्या खात्यावर पाप चढतं असं कुठल्याच ग्रंथात लिहिलेलं नाही.

आता तुझं स्वतःचं. ज्या घरात मारहाण होते त्या घरातल्या मुलांच्या मनात हा माणूस मरावा असं येतं, जवळजवळ सगळ्यांच्या येतं, आणि तो गेल्यावर सुटल्यासारखं वाटतं आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटते. तू त्यांना मारलं नाहीस. तू त्यांना सलाइन लावून घ्यायला नेलंस, डबा पोचवलास, तू स्वतःच लिहिलंयस. मनात नुसतं आलेलं, जे केलं नाही बोललं नाही, ते हिशोबात धरलं जात नाही असं हदीसमध्ये चक्क लिहिलं आहे. ख्रिस्तानं मनातल्या रागालाही गंभीर मानलंय हे खरं, पण तिथेही पुढची ओळ काय, जा, आधी भावाशी समेट कर. तुझ्या बाबतीत समेटाची पाळी त्यांची होती आणि त्यांनी ती घेतली नाही.

आणि आईशी या विषयावर जपून बोल. ज्या बाईनं मार खाल्लाय तिला कधी कधी "वर हिशोब होईल" याचाच आधार असतो, आपल्यावर झालं ते कोणीतरी पाहिलं असं वाटायला. तिचा तो आधार युक्तिवाद करून काढून घेऊ नकोस. तिला बाबांना माफ कर असंही म्हणू नकोस, कोणालाच तसं म्हणायचा अधिकार नाही. तिचं जे झालं ते चूक होतं, हे वाक्य तिनं कोणाच्या तोंडून ऐकलंय का ते पाहा, नसेल तर तू म्हण.

नागबळीसाठी कर्ज काढू नका. अस्थी रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या, दहावं तेरावं झालं, आता मनाला वाटत असेल तर घरी तीळ-पाणी द्या, एखाद्या उपाशी माणसाला जेवू घाला. विष्णुपुराणात श्राद्धाच्या प्रकरणात पितरांच्याच तोंडी असं आहे की ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं उघड्यावर जाऊन दोन्ही हात वर करावे आणि म्हणावं, माझ्याजवळ धन नाही, माझ्या भक्तीनं तृप्त व्हा. तेवढं पुरतं असं शास्त्रच सांगतंय. जो तुम्हाला खर्चाचा आकडा सांगून राहिला त्याला हे विचारा.

झोपेचं आणखी दोन आठवडे असंच राहिलं, किंवा मरून जावं असं तुझ्याच मनात आलं तर वाट पाहू नकोस, १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीतही जाता येईल, आणि तिथे "मला नरकाची भीती वाटते" असं सरळ सांग, डॉक्टरांसाठी ते नवीन नाही.

भावाला काय सांगायचं हे तू शेवटी विचारलंस, पण माझ्या लेखी ते आधी करायचं काम आहे. नऊ वर्षांच्या मुलाला "झोपले", "देवानं नेलं" असं सांगू नको, मग तो झोपायला घाबरतो किंवा देवाला. त्याला सांग, बाबांचं लिव्हर दारूनं खराब झालं, खूप खराब झालं, डॉक्टरांना दुरुस्त करता आलं नाही, म्हणून त्यांचं शरीर बंद पडलं, आता त्यांना दुखत नाही. दारूची सवय हा आजार होता, पण आईला मारणं चूक होतं, दोन्ही सांग, कारण त्यानं दोन्ही पाहिलंय. मग त्याला विचार, तुझ्यामुळे झालं असं वाटतं का तुला? या वयाच्या पोरांना ते फार वाटतं, आपण रागावलो, आपण मनात म्हटलं म्हणून मेले. तो हो म्हणाला तर सांग, मनात म्हटल्यानं कोणी मरत नाही, मीपण म्हटलं होतं. बाबा आता कुठे आहेत विचारलं तर आपल्या घरात जे मानतात ते साध्या शब्दांत सांग आणि तू काय मानतोस ते त्यालाही विचार. आत्या पुढच्या वेळी आली की तिला आधी आतल्या खोलीत नेऊन बोल, की भोगण्याचं वगैरे पोरासमोर काढायचं नाही, आणि ती ऐकत नसेल तर त्याला तेवढा वेळ खाली खेळायला पाठव.